दोन मोत्ये आणि काळी मिरी : युद्धसाहित्याचं अभिवाचन बसवताना

दीड तासाचं अभिवाचन म्हणजे कागदावर साधारण आठ हजार शब्द. मराठी गद्य मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्दांच्या वर गेलं की मागच्या रांगेपर्यंत नुसता आवाज जातो, अर्थ वाटेत राहतो. शिवाय विराम, वाचकांची उठबस आणि निवेदन यांत दहा-बारा मिनिटं सहज जातात. युद्धाची भीषणता आणि व्यर्थता या विषयावर कार्यक्रम करायचा म्हटल्यावर जे साहित्य जमतं, ते याच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे निम्मी मेहनत वगळण्यातच जाते.

वगळायला कसोटी लागते. आमची अशी ठरली : उतारा मोठ्यानं वाचल्यावर ऐकणाऱ्याची छाती फुगत असेल तर तो उतारा कितीही थोर असला तरी या कार्यक्रमातला नाही. पुण्यात ही कसोटी लावणं जड जातं. युद्ध म्हटलं की इथे आधी पोवाडा आठवतो आणि पाठोपाठ गोविंदाग्रजांचा ‘पानिपतचा फटका’. ‘कौरव-पांडव-संगर-तांडव’ एवढं म्हटलं की पुढचं आपोआप तोंडात येतं आणि पाय ठेका धरतो. कविता हरलेल्या लढाईवरची, पण ऐकणारा ताठ होऊन बसतो. ती गाळली तर श्रोते मनातल्या मनात म्हणणारच. म्हणून ठेवली, पण अगदी सुरुवातीला, मोजक्या ओळी. तिच्या शेवटच्या अक्षरावर टाळी पडायच्या आत दुसऱ्या वाचकानं पत्र सुरू करायचं. ही अर्ध्या सेकंदाची घाई तालमीत सगळ्यात जास्त वेळा घोटावी लागली.

पत्र म्हणजे पानिपतच्या बातमीचं, सावकारी भाषेतलं. नर्मदा ओलांडून उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती जानेवारी १७६१मध्ये ते पडलं, असं परंपरेनं सांगतात. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. वेगवेगळ्या पुस्तकांत पाठ थोडाफार बदलतो. आपण एक घ्यावा आणि तोच शेवटपर्यंत धरावा, नाहीतर प्रत्येक वाचक आपल्या आठवणीतला म्हणतो. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. खुर्दा म्हणजे बाकी सगळे. ज्यांची गणती नाही, ते.

हे वाक्य बिघडवण्याचे दोन हमखास मार्ग आहेत. पहिला म्हणजे ‘मोत्ये’वर गळा दाटून आणणं. तसं केलं की ऐकणाऱ्याचं सगळं दुःख भाऊ आणि विश्वासराव यांच्यापाशी थांबतं आणि खुर्दा नुसता यादीचं शेपूट होऊन राहतो. दुसरा मार्ग म्हणजे निवेदकानं आधीच उलगडा करून टाकणं. वाचायचं ते पेढीवरच्या मुनिमासारखं : एकाच पट्टीत, रकमेनंतर थोडं थांबून, जणू पुढचा आकडा वहीत शोधतोय. उलगडा नंतर एका वाक्यात. १७६१च्या जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेब गेले, हे पुण्यातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायची गरज नसते. सांगितलं की लोक पर्वतीच्या आठवणीत शिरतात आणि पुढचं पान निसटतं.

या काळातली अस्सल कागदपत्रं हवी असतील तर राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड बघावा. तो १८९८ला निघाला आणि त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. मोडीतून आलेलं ते गद्य वाचायला मात्र सराव लागतो. वाक्य कुठे संपतं तेच पहिल्या वाचनात कळत नाही. पेन्सिलीनं श्वासाच्या जागा पाडून घेतल्याशिवाय असा कागद हातात घेऊन उभं राहू नये.

पानिपतच्या पत्राला लागून आम्ही पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांची पत्रं ठेवली. लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन १९१४च्या सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत मार्सेलला उतरल्या आणि त्यांतलं पायदळ १९१५च्या शेवटी मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, हललं. या मधल्या काळात शिपायांची पत्रं फ्रान्समध्येच लष्करी सेन्सॉर उघडून वाचत असे. आज आपल्याला वाचायला मिळतात ते मुख्यतः या सेन्सॉरनं करून घेतलेले इंग्रजी तर्जुमे. मूळ पत्रं बहुतेक हरवली. सेन्सॉर वाचतो हे शिपायांनाही ठाऊक होतं. मग कुणी लिहिलं की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. दीडशे वर्षांच्या अंतरानं माणसांच्या मरणाचा हिशेब पुन्हा वाण्याच्या दुकानातल्या मालात मांडला जातो. ही दोन पत्रं शेजारी ठेवली की निवेदनात काही समजावून सांगावं लागत नाही. समजावलं तर बिघडतं.

शिपायांच्या पत्रांची खरी अडचण बोलीची. इंग्रजी तर्जुम्यावरून मराठीत आणताना सरळ घाटावरची ग्रामीण बोली घालावी असं प्रत्येकाला वाटतं. करून बघावं आणि सोडून द्यावं. पुण्याच्या सभागृहात ती बोली ऐकली की प्रेक्षक विनोदाची वाट बघू लागतो. वर्षानुवर्षांच्या नाटक-सिनेमांनी त्याला तशी सवय लावली आहे. शिवाय फ्रान्समधून लिहिणारे बहुतेक पंजाबी, गढवाली, पठाण. त्यांना सातारी बोलायला लावणं खोटंच. आम्ही साधी, थोडी जुनी पत्रांची मराठी घेतली. सुरुवातीचे नमस्कार-चमत्कार, घरच्यांची खुशाली, म्हैस व्याली का, हे सगळं राहू दिलं. यातलं काही गाळून थेट लढाईच्या वर्णनावर यायचा मोह होतो, पण म्हशीच्या चौकशीनंतर दोन ओळींत आलेलं मरण जास्त खोल जातं.

त्यातल्या एका जखमी शिपायानं इंग्लंडच्या इस्पितळातून १९१५च्या सुरुवातीला कळवलं होतं की हे युद्ध नाही, हा जगाचा अंत आहे; आपल्या पूर्वजांचं महाभारतात सांगितलेलं युद्ध असंच होतं. हा दुवा हाती आला आणि महाभारतातलं, युद्धानंतरच्या विलापाचं स्त्रीपर्व कुठे बसवायचं ते ठरलं. मधे निवेदनाची तीनच वाक्यं : सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ला तिनं कुत इथे शरणागती पत्करली. ‘पुणे’ हा शब्द आल्यावर सभागृहात खुर्च्या करकरतात. तेवढा आवाज ओसरू द्यायचा.

स्त्रीपर्वासाठी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती धरली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी ज्या कामाला शिस्त लावली आणि जे १९६६ला पुरं झालं, ते लॉ कॉलेज रस्त्यावर बसून झालं. पुण्यात राहून दुसरी प्रत घेणं बरं दिसलं नसतं. पण पर्व छोटं असलं तरी अभिवाचनाला फार मोठं. गांधारी एकेका प्रेतापाशी थांबते, ओळख पटवते, विलाप करते, पुढे जाते. चार थांबे घेतले तर परिणाम वाढत नाही, कमी होतो. तिसऱ्या प्रेताला श्रोते सरावतात. आम्ही एकच घेतला, भूरिश्रव्याचा.

भूरिश्रवा सात्यकीशी लढत असताना अर्जुनानं बाजूनं बाण मारून त्याचा हात तोडला होता. भूरिश्रव्याची बायको तो हात मांडीवर घेऊन बोलते. ‘अयं स रशनोत्कर्षी’ हा तो श्लोक. हाच तो हात, जो कमरपट्टा ओढायचा, छाती, नाभी, मांड्या कुरवाळायचा, नीवी, म्हणजे नेसूची गाठ, सोडायचा. काव्यशास्त्रकार मम्मटानं काव्यप्रकाशात शृंगार करुणाचं अंग कसा होतो ते दाखवायला हाच श्लोक घेतला आहे, त्यामुळे संस्कृतवाल्यांना तो तोंडपाठ. बाकीच्या सभागृहाला तो संकोचात टाकतो, आणि संकोच झाला की कुणीतरी खुदकन हसतं. श्लोक गाळा, असा सल्ला मिळतोच. गाळायचा नाही. स्त्रीपर्वात युद्धाची किंमत एका माणसाच्या अंगावर दिसते ती इथे. उपाय क्रमात आहे. आधी मराठीतून ती हात मांडीवर घेते तेवढंच सांगायचं आणि तीन सेकंद थांबायचं. मग श्लोक, संस्कृतात, चालीवर न म्हणता. मग अर्थ, एकही शब्द मऊ न करता. वाचणारी स्त्री असावी आणि तिनं रडू नये. रडणारा आवाज आला की ऐकणारे तिच्याकडे बघतात; हाताकडे बघायचं राहून जातं.

त्याच पर्वाच्या शेवटाकडे धृतराष्ट्र विचारतो, किती मेले? युधिष्ठिर आकडा देतो : १६६ कोटी २० हजार. आणि ज्यांचा ठावठिकाणा नाही असे २४,१६५. तालमीत या आकड्यावर वाद झाल्याशिवाय राहत नाही. अठरा अक्षौहिणी सैन्य, एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. अठरांची बेरीज ३९,३६,६०० होते. रथावर सारथी धरा, हत्तीवर माहूत धरा, कोटीच्या घरात काही जात नाही. मग हे कुठून आलं? संहितेत याचं उत्तर द्यायला आम्ही जागा ठेवली नाही. मेलेल्यांचा आकडा शेकडा कोटींत आणि बेपत्ता मात्र एककापर्यंत चोख. युद्धखात्याच्या कागदासारखं वाचलं की पुरतं. हे पान त्याच वाचकाला द्यायचं, ज्यानं पानिपतचं पत्र वाचलं होतं.

खडकीच्या युद्धस्मशानात वाचकांना घेऊन जाणं हा तयारीचा भाग ठेवला, तो या याद्यांसाठी. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धात भारतात मेलेल्या १,८०० वर सैनिकांचं स्मारक. तिथे अभिवाचन करायचं नाही. ती जागा त्यासाठी नाही. एकेका दगडावरचं नाव, पलटण, तारीख, वय मनात वाचत एक रांग पुरी चालायची. रांग संपेपर्यंत वेग आपोआप खाली येतो, आणि ‘वय २०’, ‘वय २२’ हे कुठल्याही आघाताविना वाचता येऊ लागतं. तालमीच्या खोलीत हे शिकवायला गेलं तर वाचक हटकून नाट्य घालतो.

परदेशी साहित्यात पहिला प्रश्न हक्कांचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन १९१८ला गेला, उर्दू कथाकार मंटो १९५५ला. दोघांचं मूळ लेखन मोकळं आहे. जर्मन कादंबरीकार रमार्क १९७०ला गेला, म्हणजे त्याची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही कादंबरी २०३०च्या अखेरपर्यंत बांधलेली. मूळ मोकळं असलं तरी छापील भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा. हे विसरून कुणाचं तरी भाषांतर उचललं जातं आणि कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर फोनाफोनी करत बसावं लागतं. मंटोचं मराठी आम्हीच केलं. रमार्कचा उतारा घेतलाच नाही, त्यातल्या बुटांचा माग निवेदनातून सांगितला.

खंदकातल्या सगळ्या आरडाओरड्यापेक्षा हे बूट जास्त काम करतात. पिवळ्या मऊ चामड्याचे, गुडघ्यापर्यंत नाडी बांधायचे. केमरिकचा पाय कापलेला असतो, तो मरणार हे उघड असतं, आणि मित्र म्युलर त्या बुटांवर डोळा ठेवून असतो. यात दुष्टपणा नाही. पाय कापलेल्याला बूट लागत नाहीत आणि खंदकात चांगला बूट सोन्याहून महाग. केमरिक मरतो, बूट म्युलरकडे. म्युलर मरतो, बूट गोष्ट सांगणाऱ्या पॉलकडे. पॉलनं ते आधीच ट्यादेनला कबूल करून ठेवले आहेत. पाच मिनिटांत सांगून होतं. कथनात ‘बिचारा’, ‘दुर्दैवी’, ‘क्रूर नियती’ असे शब्द शिरतात ते आधी खोडायचे. विशेषणं गेली की पाच मिनिटांची चार होतात आणि सुधारणा कानाला कळते. पॉल ऑक्टोबर १९१८मध्ये मरतो, त्या दिवशी आघाडीवर विशेष काही घडलं नाही असा अहवाल जातो. कादंबरीभर ‘मी’ बोलत असतो, पण शेवटच्या काही ओळी त्याच्याबद्दल कुणी तिसराच सांगतो. म्हणून आम्हीही तिथे आवाज बदलला : आतापर्यंत सांगणारा कागद मिटून खाली बसतो, दुसरा उभा राहून दोन वाक्यं वाचतो.

ओवेनची वायुहल्ल्याची कविता घेतली. तो ४ नोव्हेंबर १९१८ला पडला, युद्धविरामाच्या एक आठवडा आधी. त्याच्या मृत्यूची तार आईला ११ नोव्हेंबरला मिळाली. ही माहिती कवितेनंतर दिली की लोक हळहळतात आणि कविता विसरतात. आधी द्यावी.

मंटोची ‘टिटवालचा कुत्रा’ दिसायला सगळ्यात सोपी. दोन टेकड्यांवर दोन फौजा आणि मधे भटकणारं एक कुत्रं. इकडचा जमादार हरनामसिंग त्याच्या गळ्यात ते हिंदुस्थानी असल्याची पाटी बांधतो, तिकडचा सुभेदार हिंमतखान त्याला पाकिस्तानी करून परत पाठवतो. मग दोन्हीकडून गोळ्या. प्रेक्षक पहिल्या भागात खूप हसतो आणि ते हवंच आहे. बिघडतं ते असं की हसू मिळालं की वाचक दुसऱ्या भागातही तीच लय ठेवतो. कुत्रं लंगडत पळतं तिथे वाक्यं छोटी होत जातात. तिथे वेग वाढवायचा नाही, उलट प्रत्येक पूर्णविरामाला मान वर करून समोर बघायचं. एक बाजू त्याला शहीद म्हणते, दुसरी कुत्र्याची मौत म्हणते. ही दोन वाक्यं दोन वाचकांनी एकाच सुरात म्हणावीत.

जे सोडलं त्यात गुलेरींची हिंदी कथा ‘उसने कहा था’ सोडताना जीव तुटला. १९१५ची गोष्ट, खंदकातली थंडी आणि चिखल अस्सल, पण लहनासिंगनं पाळलेला शब्द इतका मोठा होतो की युद्ध त्याच्या त्यागाचं नेपथ्य होऊन बसतं, आणि श्रोता भरल्या मनानं घरी जातो. ‘अंधायुग’मधल्या दोन प्रहरींचे संवाद मोहात पाडतात, पण ते नाटकातच ऐकावेत.

तांत्रिक बाजू थोडक्यात. संहिता १६ पॉइंटात, दीड ओळीच्या अंतरानं, कागदाच्या एकाच बाजूला. स्टेपल नाही, वाचून झालेलं पान सरकवून स्टँडवर डावीकडे ठेवायचं, उलटायचं नाही, कारण उलटण्याचा आवाज माइक पकडतो. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाऊ द्यायचं नाही, खाली जागा मोकळी सुटली तरी चालेल. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. तोफांचे आवाज, बिगुल, मागे पडद्यावर फोटो, यातलं काहीही नको. फोटो लागला की माणूस ऐकायचं थांबवतो. मध्यंतर नको, चहानंतर परत येणारा श्रोता वेगळाच असतो. सुदर्शन रंगमंचासारखी लहान जागा अशा वाचनाला मानवते, कारण खालच्या पट्टीतला आवाज तिथे शेवटच्या खुर्चीपर्यंत टिकतो. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात वाचकाला आवाज चढवावा लागतो आणि चढलेल्या आवाजात वीररस परत येतो.

शेवटी चर्चा ठेवली तर एक प्रश्न पुण्यात ठरलेला : हा सैनिकांचा अपमान नाही का? या शहरात दक्षिण कमांड आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, सभागृहात निवृत्त अधिकारी असतातच, आणि हा प्रश्न बहुतेक वेळा त्यांच्याकडून येत नाही. वैचारिक उत्तर द्यायला गेलं की भांडण होतं. लेखकांची माहिती द्यावी. टॉलस्टॉय सेव्हास्टोपोलला तोफखान्यात होता, रमार्क १९१७मध्ये जखमी झाला, ओवेन आपल्या तुकडीबरोबर कालवा ओलांडताना मारला गेला, आणि शिपायांची पत्रं तर शिपायांचीच. त्यानंतर बोलायचं ते माजी सैनिकांना बोलू द्यावं.

पुस्तकांची नावं लिहिलेला कागद बाहेर पडताना हातात द्यावा. आधी दिला तर गांधारीच्या वेळी अर्धं सभागृह तो वाचत बसतं.